मार्शा हंट : एका विमानफेरीबद्दल माफी मागायला नकार

सांजवेळ

आई मिरजेला गाणं शिकवायची. चार-पाच वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती दोन महिने माझ्याकडे होती. दुपारी तिचा व्यायाम झाला की आम्ही जुने इंग्रजी सिनेमे लावून बसायचो. एकदा १९४० सालचा 'प्राइड अँड प्रेज्युडिस' लावला. लॉरेन्स ऑलिव्हिए आणि ग्रीर गार्सन. त्यातली मधली बहीण मेरी, चष्मा लावणारी, पुस्तकातलं बोलणारी, चारचौघांत पियानोपाशी गायला उभी राहते आणि असा सूर लावते की घरच्यांना कुठे तोंड लपवावं ते कळेना. मला हसू आलं. आई मात्र म्हणाली, "मागे घे जरा." तीनदा मागे घ्यायला लावलं. मग म्हणाली, "ही पोरगी गाणारी आहे. दर वेळी तेवढ्याच अंतरानं खाली उतरतेय. बेसुऱ्या माणसाला हे साधत नाही."

मी त्या नटीचं नाव शोधलं. मार्शा हंट. आईचं बरोबर निघालं. तिचा गळा चांगला होता आणि या भूमिकेसाठी तिला बेसूर गाण्याचा सराव करावा लागला होता. पण नाव शोधताना पुढचं सगळं आयुष्यच हाती लागलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही. आज १७ ऑक्टोबर, तिचा जन्मदिवस, म्हणून लिहायला बसले.

जन्म १९१७, शिकागोचा. वाढली न्यूयॉर्कमध्ये. १९३५ साली, सतरा वर्षांची असताना, पॅरामाउंट या स्टुडिओनं करारावर घेतलं, नंतर एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओनं. ती कधीही मोठी तारका झाली नाही. अगदी जवळून एकदा हुकलं. 'गॉन विथ द विंड'मधल्या मेलनीसाठी निर्माते सेल्झनिक यांनी तिला 'भूमिका तुझी, पण कुणाला बोलू नकोस' असं सांगितलं आणि काही दिवसांतच वर्तमानपत्रात ऑलिव्हिया डी हॅविलंडचं नाव आलं. त्यानंतर ती अभिनयाकडे निव्वळ काम म्हणून पाहू लागली. जी भूमिका येईल ती करायची, मग ती म्हातारीची असो की अल्लड पोरीची, आणि दोन सिनेमांत सारखं दिसायचं नाही. पहिल्या पंधरा वर्षांत पन्नासच्या वर सिनेमे केले.

आता १९४७. अमेरिकन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची एक समिती होती, 'देशविरोधी कारवायां'ची चौकशी करणारी. तिनं हॉलिवूडच्या लेखक-दिग्दर्शकांना वॉशिंग्टनला बोलावलं. प्रश्न एकच: तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा कधी होता का? असा प्रश्न विचारण्याचा सरकारला हक्कच नाही, असं म्हणणाऱ्यांनी एक गट केला. जॉन ह्यूस्टन, विल्यम वायलर आणि फिलिप डन हे त्याचे पुढारी. ऑक्टोबरच्या शेवटी या गटातले लोक विमान करून वॉशिंग्टनला गेले. हम्फ्री बोगार्ट, लॉरेन बकॉल, डॅनी के, जीन केली. त्यात मार्शा हंट आणि तिचा नवरा, पटकथालेखक रॉबर्ट प्रेसनेल, हेही होते. काय केलं त्यांनी? सुनावणीला जाऊन बसले, पत्रकारांशी बोलले, रेडिओवर बोलले. बस.

ते घरी परतेपर्यंत हवा फिरायला लागली होती. उत्तर नाकारणाऱ्या दहा जणांवर संसदेच्या अवमानाचा ठपका आला. नोव्हेंबरमध्ये स्टुडिओमालकांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात बसून ठरवलं की या दहांना काम नाही आणि कम्युनिस्टांना जाणूनबुजून काम देणार नाही. बोगार्टनं पुढच्या वर्षी मासिकात 'मी कम्युनिस्ट नाही' असा लेख लिहून त्या प्रवासाला मूर्खपणा म्हटलं. बोगार्ट मला फार आवडतो, पण हे वाचून वाईट वाटलं.

मार्शाचं तेव्हा बरं चाललं होतं. ब्रॉडवेवर नाटकं, टीव्हीवर शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधली व्हायोला. ६ मार्च १९५० च्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ती होती. २२ जूनला 'रेड चॅनल्स' नावाची पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर मायक्रोफोन पकडणारा लाल पंजा आणि आत कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय घेतलेल्या, रेडिओ-टीव्हीतल्या १५१ जणांची नावं. लिओनार्ड बर्नस्टाइन, ऑर्सन वेल्स, आर्थर मिलर, लीना हॉर्न. आणि मार्शा हंट. प्रत्येक नावाखाली त्या माणसाचे 'गुन्हे': कुठल्या निवेदनावर सही केली, कुठल्या सभेला गेला. 'लाइफ'च्या मुखपृष्ठापासून या यादीपर्यंत साडेतीन महिने.

माझं घोडं अडतं ते इथे. मार्शा कम्युनिस्ट नव्हती, कधीच नव्हती. दहा जणांची गोष्ट सगळे सांगतात, त्यांच्यातले बरेच खरोखर पक्षात होते, ते तुरुंगात गेले, त्यांच्यावर पुस्तकं निघाली. हिला तर सुटायला दार उघडं होतं. काम हवं असेल तर आधी जे केलं त्याचा निषेध कर, असं तिला सांगण्यात आलं. म्हणजे विमानात बसले हे चुकलं, असं चारचौघांत म्हणायचं. तिनं ते म्हटलं नाही. तिच्या लेखी ती फेरी बरोबरच होती. मग काम आटलं. पूर्ण थांबलं नाही, अधूनमधून एखादा सिनेमा, टीव्ही, उन्हाळी नाटकं. पण पन्नास सिनेमांचा वेग कायमचा गेला.

१९५५ साली ती जगप्रवासाला गेली. परत आली ती, तिच्याच सांगण्याप्रमाणे, या पृथ्वीच्या प्रेमात पडून. स्वतःला ती पुढे पृथ्वीची देशभक्त म्हणवायची. तिथून संयुक्त राष्ट्रांसाठी गावोगावी भाषणं देत फिरणं सुरू झालं. भूक, निर्वासित, मुलांचं आरोग्य. १९५९-६० हे जागतिक निर्वासित वर्ष होतं. त्यासाठी तिनं तासाभराचा टीव्हीपट उभा केला आणि पॉल न्यूमन, जीन सिमन्स अशा मंडळींना त्यात आणलं. जिचं नाव घ्यायला वाहिन्या घाबरत होत्या, तिनं बोलावल्यावर हे कलाकार आले.

७ सप्टेंबर २०२२ ला ती गेली, १०४ वर्षांची होऊन. कुणी तिचे सिनेमे पाहिले असतील, या काळाबद्दल वाचलं असेल, तर लिहा.

जुनी_रिळं

मनापासून आभार या धाग्यासाठी. 'नन शॅल एस्केप' जरूर बघा. १९४४ च्या फेब्रुवारीत आलेला, म्हणजे युद्ध अजून सव्वा वर्ष चालायचं होतं. सिनेमात युद्ध संपलेलं आहे आणि एका नाझी अधिकाऱ्यावर खटला चालू आहे. युद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझींवर खरे खटले चालले, हा त्याच्या आधीचा न्यूरेंबर्ग. मार्शा त्यात पोलिश शाळामास्तरीण आहे, या अधिकाऱ्याची एके काळची वाग्दत्त वधू. तरुणपणापासून केस पिकेपर्यंतचं वय तिनं त्यात दाखवलंय. गावातल्या ज्यूंना मालगाडीच्या डब्यात कोंबतात आणि रब्बी, म्हणजे त्यांचा धर्मगुरू, त्यांना प्रतिकाराला उभं राहायला सांगतो, तो प्रसंग मी एकदाच पाहिला. दुसऱ्यांदा धीर झाला नाही.

पटकथा लेस्टर कोलची. हा त्या दहांपैकी एक. खलनायकाचं काम करणारा अलेक्झांडर नॉक्स, तोही पुढे या भानगडीत अमेरिका सोडून इंग्लंडला गेला. नाझींचे अत्याचार युद्ध चालू असतानाच पडद्यावर आणणाऱ्या सिनेमातले तिघं जण देशद्रोहाच्या संशयात सापडले.

अजून एक. चौकशी समितीचा अध्यक्ष पार्नेल थॉमस पुढे सरकारी पगारात घोटाळा केला म्हणून दोषी ठरला. त्याची रवानगी डॅनबरीच्या तुरुंगात झाली, आणि लेस्टर कोल त्याच तुरुंगात होता.

रुजुता_ठाणे

फार सुंदर लिहिलंय ताई. मला तर वाटतं झालं ते बरंच झालं. सिनेमातच राहिली असती तर आणखी चाळीस सिनेमे केले असते आणि आपण तिला विसरलो असतो. एक दार बंद झालं म्हणून तिला जग दिसलं.

पेठेतला_वाणी

आमचं लातूरला किराणा दुकान आहे, तीन पिढ्यांचं. म्हणून या प्रकरणातला एक भाग मला जवळून कळतो, तो सांगतो.

काळी यादी कुठल्या कायद्यात नव्हती. 'रेड चॅनल्स' ही खासगी लोकांनी छापलेली पुस्तिका. मग तिला एवढं बळ कुठून आलं? जाहिरातीतून. तेव्हा टीव्हीचा कार्यक्रम म्हणजे साबणवाल्याचा, कॉफीवाल्याचा कार्यक्रम असायचा. पैसा त्यांचा, म्हणून नट कोण घ्यायचा हेही त्यांची एजन्सी ठरवायची. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावात लॉरेन्स जॉन्सन नावाचा किराणावाला होता, काही सुपरमार्केटं होती त्याची. एखाद्या कार्यक्रमात यादीतलं माणूस दिसलं की हा कंपनीला पत्र टाकायचा: तुमच्या मालाशेजारी मी फलक लावीन, कम्युनिस्टांना पोसणाऱ्या कंपनीचा माल गिऱ्हाइकांना हवा का, असं विचारणारा. एका गावातला दुकानदार! पण कंपनीला हिशेब लगेच कळतो. फळीवरून माल खाली गेला की एका नटीपायी कोण नुकसान सोसणार? आमच्याकडे कंपनीचा माणूस फळीवरच्या एका वितीच्या जागेसाठी चहा पाजून जातो, हे मी रोज बघतो.

आणि याच्या जोडीला नावं 'तपासून' देणारे सल्लागार होते, नावागणिक पैसे घेणारे. तेच यादी करणार आणि यादीतून बाहेर पडायची वाटही तेच दाखवणार. हे सगळं मोडायला १९६२ उजाडलं. जॉन हेन्री फॉक या रेडिओवाल्यानं जॉन्सन आणि मंडळींवर खटला भरून तो जिंकला.

खडूफळा

रुजुताताई, तुमच्या म्हणण्यामागची भावना चांगली आहे, पण मला ते पटत नाही. मोठा प्रतिसाद होईल, क्षमा असावी.

'रेड चॅनल्स'मध्येच फिलिप लोब नावाचा नट होता. घराघरात लोकप्रिय असलेल्या टीव्ही मालिकेतला बाप. त्याला काढलं. १९५५ साली त्यानं एका हॉटेलच्या खोलीत जीव दिला. त्याच वर्षी मार्शाबाई जगप्रवासाला गेल्या. यादी तीच. म्हणून यादीनं त्यांना घडवलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या आधीपासूनच तशा होत्या म्हणून तरल्या.

दुसरं माझं स्वतःचं. १९७७-७८ चा राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप इथे काही जणांना आठवत असेल. मी तेव्हा शाळेत नवीन लागलो होतो. संपात उतरलो. संप मिटल्यावर आमच्या संस्थेच्या सचिवांनी एकेकाला बोलावलं. टेबलावर टंकलेला कागद तयार होता. "माझी दिशाभूल झाली, याबद्दल मला खेद वाटतो." खाली नाव आणि रिकामी रेघ. माझी कुणीही दिशाभूल केली नव्हती. पण घरात दोन बहिणी लग्नाच्या होत्या. सही केली. सचिवांनी शाईवर टीपकागद दाबला आणि म्हणाले, "शहाणे आहात." नोकरी राहिली, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. आमच्यातल्या एकानं सही केली नाही. त्याला पुढे तालुक्यात कुठेच शाळा मिळाली नाही, त्यानं पिठाची गिरणी टाकली. त्याच्याकडे दळण घेऊन गेलो की मला वर बघवायचं नाही.

सांजवेळ, तुम्ही लिहिलंत की दार उघडं होतं आणि त्या गेल्या नाहीत. त्या दारातून मी गेलेलो आहे. म्हणून तुमच्या लेखातला तेवढा एकच परिच्छेद मी चार वेळा वाचला.

रुजुता_ठाणे

काका, माझे शब्द मागे घेते. असा विचार मी केलाच नव्हता.

सांजवेळ

खडूफळा काका, हे इथे लिहिलंत, काय बोलू. दोन बहिणींची जबाबदारी डोक्यावर असताना केलेल्या सहीचा दोष सही करणाऱ्याकडे जात नाही, टंकलेला कागद आधीच तयार ठेवणाऱ्याकडे जातो. मार्शानंही सही करणाऱ्यांबद्दल नंतर कडवटपणा धरल्याचं माझ्या वाचनात नाही.

रुजुता, मीही आधी असाच विचार करत होते, तुझ्यासारखाच. पण मग वर्षं मोजली. यादी आली तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. काळ निवळेपर्यंत पंचेचाळिशी. नटीच्या आयुष्यात या वर्षांची किंमत काय हे वेगळं सांगायला नको. आणि त्या विमानात बसली तेव्हाचं तिचं घर कसं होतं? जुलै १९४७ मध्ये तिला दिवस भरण्याआधी मुलगी झाली आणि एकाच दिवसात गेली. तिला पुन्हा मूल झालं नाही. त्यानंतर चार महिन्यांच्या आत दोघं नवरा-बायको दुसऱ्यांच्या हक्कासाठी वॉशिंग्टनला निघाले होते. घरी बसून राहिले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं.

व्हॅलीतली_वेदा

मी लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत राहते. शर्मन ओक्स इथून वीस मिनिटं. मार्शा तिथेच राहायच्या, म्हणून त्यांच्या स्थानिक कामाबद्दल थोडं लिहिते, कारण संयुक्त राष्ट्रांचं नाव मोठं असल्यामुळे हा भाग झाकला जातो.

१९८३ पासून जवळपास अठरा वर्षं त्या शर्मन ओक्सच्या मानद महापौर होत्या. या पदाला अधिकार काही नाही, हे आधी सांगते. इथल्या प्रत्येक उपनगराला असा एक मानद महापौर असतो, दुकानांच्या फिती कापायच्या, मिरवणुकीत गाडीत उभं राहून हात हलवायचा. मार्शांनी काय केलं, तर व्हॅलीतल्या अशा सगळ्या मानद महापौरांना गोळा करून बेघरांसाठी निधी उभा केला. तेव्हा व्हॅली म्हणजे हिरवळ, पोहण्याचे तलाव, आपल्याकडे कुठले बेघर, अशी समजूत होती. लोक गाड्यांत झोपत होते आणि कुणी बघत नव्हतं. या बाईंनी ते बघायला लावलं, निवाऱ्यांसाठी पैसा मिळवला. त्या वेळी त्या साठीच्या पुढे होत्या. १९८६ मध्ये नवरा गेला, तरी काम चालूच राहिलं.

इथे महामार्गाच्या पुलाखालचे तंबू मी रोज बघते. मुलीला शाळेत सोडताना ती विचारते, हे लोक आंघोळ कुठे करतात? मला उत्तर देता येत नाही. मार्शा हंटला हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी पडला होता.

नीरा_नारळ

वाचतेय. संयुक्त राष्ट्रांचा उल्लेख आला म्हणून भर घालते. ज्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यासाठी मार्शासारखी माणसं गावोगाव बोलत होती, त्याचं पहिलं कलम आपल्या हंसाबेन मेहतांमुळे आजच्या रूपात आहे. मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा शब्द होता, तो बदलून 'सर्व मानव' करायला त्यांनी लावलं. हंसाबेन मुंबईत एसएनडीटीच्या कुलगुरू होत्या, पुढे बडोद्याच्या विद्यापीठाच्या. जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ चा. एसएनडीटीत पाच वर्षं शिकले, पण हे मला बाहेर पडल्यावर कळलं.

देवनारकर

माफीवरून आठवलं. हिंदी सिनेमाचे गीतकार मजरूह सुलतानपुरी. मुंबईत गिरणी कामगारांसमोर नेहरूंवर टीका करणारी कविता वाचली म्हणून आर्थर रोडला टाकलं. माफी माग, सुटशील, असं सांगितलं होतं. मागितली नाही. त्याच सुमारास बलराज साहनी पण आत होते. 'हलचल' सिनेमात ते जेलर होते आणि शूटिंगसाठी खऱ्या जेलातून परवानगी काढून यायचे. शूटिंग संपलं की परत जेलात.

जुनी_रिळं

देवनारकर, चांगली आठवण. आणि सांजवेळ, एक राहिलं. दहांपैकी सर्वांत गाजलेला लेखक डाल्टन ट्रम्बो. त्यानं आयुष्यात एकच सिनेमा दिग्दर्शित केला, १९७१ चा 'जॉनी गॉट हिज गन'. युद्धात हात, पाय, चेहरा सगळं गमावलेल्या पोराची गोष्ट. पोराच्या आईच्या भूमिकेसाठी त्यानं मार्शा हंटला बोलावलं. चोवीस वर्षांपूर्वी त्याच्यासारख्यांसाठी ती विमानात बसली होती.

सांजवेळ

सगळ्यांचे प्रतिसाद काल रात्री आईला फोनवर वाचून दाखवले. तिची दृष्टी आता अधू आहे. खडूफळा काकांचा प्रतिसाद तिनं दोनदा वाचायला लावला आणि त्या गिरणीवाल्या शिक्षकांचं पुढे काय झालं ते विचार, म्हणाली. काका, सांगावंसं वाटलं तर सांगा.

मग तिनं विचारलं, "ती मुलगी नंतर कधी सुरात गायली का?" मी शोधून सांगितलं. मार्शा स्वतः गाणी लिहायची, चाली लावायची. कुणीही कुणावर प्रेम करावं, अशा अर्थाचं एक गाणं तिनं बऱ्याच वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. ती पंच्याण्णव वर्षांची असताना, समलिंगी विवाहाचा वाद अमेरिकेत पेटलेला होता तेव्हा, ते दुसऱ्या एका गायकाच्या आवाजात यूट्यूबवर आलं आणि खूप लोकांनी ऐकलं. आई म्हणाली, "चाल तिची आहे ना? मग लाव."

फोन स्पीकरवर ठेवून लावलं. मधेच तिकडून तानपुरा जुळवल्याचा आवाज यायला लागला.

खडूफळा

त्याचं नाव नाही लिहीत. तीन वर्षांपूर्वी गेला. गिरणी मुलगा चालवतो. मी अजून दळण तिथेच नेतो.